आदिलाबादच्या ओसरीवरील गाणी

गेल्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीज आटोपून आम्ही ओसरीवर पान लावीत बसलो होतो. तोच फाटकाशी मोटार थांबली आणि आमचा एक जुना विद्यार्थी खाली उतरला. मुलगा मूळचा उटनूरचा. विजेच्या तारा उभारणाऱ्या एका कंपनीत तो अभियंता असून गेली चार वर्षे पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकार शहरी, नोकरीस आहे. वाकून नमस्कार झाला, फराळाचे ताट समोर आले आणि "तिकडे जेवणाखाण्याचे कसे रे बाबा?" हा आमच्या सौभाग्यवतींचा ठरलेला प्रश्नही झाला. "मासे आणि भात, काकू. तिखट मात्र येथूनच न्यावे लागते," एवढ्यावर त्याने त्याचे उत्तर आटोपले. परंतु "तिकडचे लोक गाणी कसली ऐकतात?" असे आम्ही सहज विचारले, तेव्हा मात्र गडी खुलला तो दिवेलागण होईपर्यंत बोलत राहिला.

आफ्रिका म्हटली की आपल्या मनात एकच ढोल वाजू लागतो. प्रत्यक्षात तो 54 देशांचा खंड. तेथे देश बदलला की गायक बदलतो. सेनेगलमध्ये यूसू एन्दूर यांचे नाव घेतले की टॅक्सीवाला आवाज वाढवतो. हे गृहस्थ वोलोफ भाषेत गातात आणि त्यांच्या गाण्यामागे तिकडचे परंपरागत 'साबार' ढोल वाजतात. 2012 साली ते आपल्या देशाचे मंत्रीही झाले. इजिप्तमध्ये ऊम कुलसूम यांना जाऊन अर्धे शतक लोटले, तरी त्यांचे स्थान अढळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर त्यांचे गाणे असे आणि साऱ्या अरब जगतातील लोक त्या रात्री कामधंदा सोडून ऐकत बसत. 1975 साली त्या वारल्या तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो माणसे लोटली. काँगोचे फ्रँको (1938–1989) लिंगाला भाषेत गात. त्यांची गिटार शेजारच्या अनेक देशांत, शब्द न कळताही, ऐकली जाई. दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम मकेबा (1932–2008) यांना तर वर्णद्वेषी सरकारने परदेशातून मायदेशी येऊ दिले नाही. तीस वर्षे त्या आपल्या देशाबाहेर राहून देशाचेच गाणे गात होत्या. नायजेरियाचे फेला कुटी (1938–1997) राज्यकर्त्यांना गाण्यातून खडसावीत आणि त्यासाठी तुरुंगातही जात.

"गुरुजी," तो म्हणाला, "टॅक्सीत बसून नुसते गाणे ऐकले, तरी ड्रायव्हर कुठल्या मुलखातला ते सांगता येते."

मग त्याने एक गोष्ट सांगितली. सेनेगल, माली, गॅम्बिया, गिनी या भागांत काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या गायकांचीच असतात. फ्रेंच लोक त्यांना 'ग्रिओ' म्हणतात, मांडिंका भाषेत 'जाली'. राजांच्या आणि मानकऱ्यांच्या वंशावळी, लढाया, लग्ने, वैर आणि सोयरिकी हे सारे त्यांच्या मुखी असते. 21 तारांचा 'कोरा' मांडीशी धरून ते तेराव्या शतकातील सम्राट सुंदियाता केइता याची कथा गातात. आधुनिक गायकांतही ही परंपरा मुरलेली आहे. यूसू एन्दूर यांचे आजोळ अशाच गायकांचे. मालीचे सालिफ केइता यांची गोष्ट नेमकी उलट. त्यांचे कूळ सुंदियाताचे. राजवंशातल्याने गाणे ऐकायचे, गायचे नाही, अशी तिकडची रीत. तरीही ते गायक झाले आणि त्यापायी घरच्यांचा रोष त्यांनी सोसला.

आम्ही तल्लीन होऊन ऐकत होतो. जाता जाता तो म्हणाला, "तिकडचे लोक मला विचारतात, तुमच्या गावाकडे असे गाणारे आहेत का? आमच्या भागात नाहीत, असे मी सांगतो."

आमच्या हातचा अडकित्ता थांबला. उटनूरचा मुलगा हे बोलत होता! ज्या उटनूरच्या पंचक्रोशीत परधानांची किकरी शतकानुशतके गोंड कुळांची कथा गात आली, त्या गावचा मुलगा अर्ध्या जगापलीकडे जाऊन "आमच्याकडे नाहीत" असे सांगत होता. त्याला रागे भरावे असे क्षणभर वाटले. मग ध्यानात आले की त्याला शिकवले कोणी? आम्हीच.

सुट्टीचे चार दिवस उरले होते. डायरी घेऊन आम्ही बाहेर पडलो. भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, "तुमचा आवडता गायक कोण?"

परप्रांती राहणाऱ्या वाचकांना आमचा मुलूख ठाऊक असेलच असे नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो आणि आदिलाबाद लागतो. हा भाग निजामाच्या राज्यात होता. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे आमचे शेजारी तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. 2014 साली तेलंगण राज्य झाले. 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सरहद्दी हलल्या, माणसे जागच्या जागी राहिली. त्यामुळे येथे सकाळचा दूधवाला तेलुगू बोलतो, कापड दुकानदार उर्दू, कापसाचा आडत्या मराठी, आणि आठवड्याच्या बाजारात गोंडी, कोलामी व बंजारा बोली एकाच तराजूभोवती ऐकू येतात.

आदिलाबाद शहरातल्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही प्रथम प्रश्न टाकला. गल्ल्यावरच्या वृद्ध मियाँसाहेबांनी डोळे मिटून "रफीसाहेब" एवढेच उत्तर दिले. मोहम्मद रफी 1980 साली गेले, पण त्या हॉटेलात ते अजून रोज येतात. क्षणभराने मियाँसाहेबांनी हैदराबादच्या अजीज अहमद खाँ वारसी यांच्या कव्वालीचेही नाव जोडले. रफींना दाद देताना त्यांनी हात वर केला होता. वारसींचे नाव घेताना मात्र तो छातीवर ठेवला.

तेलुगू घरांत घंटसाला आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम या दोन नावांपलीकडे वाद नाही. वडीलधारी पिढी घंटसालांची, पुढची पिढी बालूंची. 'शंकराभरणम्' (1980) या चित्रपटात बालूंनी रीतसर शास्त्रीय शिक्षण नसताना शास्त्रीय ढंगाची गाणी अशी गायली की राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे आमचे शेजारी आजही स्वतःच्या मुलाचे कौतुक सांगावे तसे सांगतात. घंटसालांवरून आमची एक फजिती आठवली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका तेलुगू खेड्यात आमची नेमणूक झाली होती. एके सकाळी शेजारून घंटसालांच्या धीरगंभीर आवाजातील भगवद्‌गीता ऐकू आली. काय हे सात्त्विक कुटुंब, असे मनाशी म्हणत आम्ही अभिनंदनासाठी गेलो, तर दारी तिरडी बांधणे चालले होते. घंटसाला 1974 साली वारले. त्यांच्या गीतापठणाची ध्वनिमुद्रिका त्यानंतर निघाली आणि तेलुगू मुलखात ती अंत्ययात्रेच्या घरी लावण्याची रूढी पडली. गाणे कानांना कळले तरी त्याचे स्थान शेजाऱ्याच्या घरात गेल्याशिवाय कळत नाही, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

बेला आणि जैनथकडची खेडी बहुतांशी मराठी. तेथे पारावरच्या मंडळींनी एकमुखाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (1909–1968) नाव घेतले. मोझरीचा हा संत खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव फिरला. आज त्यांची भजने गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलेलेही नाही, पण खंजिरीवरची थाप तीच आहे. तेथल्या भजनी मंडळाने आम्हांला गंमतीची गोष्ट सांगितली. नवे भजन बसवायचे तर चाल हिंदी सिनेमातली घेतात, म्हणजे पोरे आपोआप येऊन बसतात. हे ऐकून आम्हांला हसू आले, कारण आमच्या विद्यार्थ्याने असेच एक वर्तमान नायजेरियाहून आणले होते. तेथील कानो शहरात हिंदी चित्रपट फार लोकप्रिय. हौसा भाषेत पैगंबरांची स्तुतिगीते रचणारी मंडळी हिंदी गाण्यांच्या चाली घेतात आणि 'बंदिरी' नावाच्या, चामड्याने मढवलेल्या हातवाद्यावर ती म्हणतात. कोठे बेला आणि कोठे कानो! देव निराळा, भाषा निराळी, पण चाल बहुधा मुंबईच्या एकाच स्टुडिओतून निघालेली.

बौद्ध वस्त्यांत वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप ही नावे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. उमप 2010 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच, कोसळून गेले. ती बातमी आली तेव्हा वस्तीत चूल पेटली नव्हती, असे एका आजींनी सांगितले. त्यांच्या नातवाने मात्र दोन नावे घेतली, एक वामनदादांचे आणि दुसरे तेलंगणाच्या गद्दर (1949–2023) यांचे. खांद्यावर घोंगडी, हाती काठी घेऊन गाणारा हा तेलुगू शाहीर त्याला वामनदादांचा धाकटा भाऊ वाटतो. 14 एप्रिलच्या रात्री त्यांच्या मंचावर एकामागून एक दोघांचीही गाणी होतात आणि कोणी भाषा विचारीत नाही. बंजारा तांड्यावर गायकाचे नाव कोणी सांगितलेच नाही. "होळीला या गुरुजी, लेंगी ऐका. सारा तांडाच गातो," असे आमंत्रण मात्र मिळाले.

आता आमच्याच घराविषयी. आमच्या घरी 'गीतरामायण' लागत असे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा-बाबूजींची ती 56 गीते प्रथम गाजली तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता, पण वडिलांनी त्यांच्या ध्वनिफिती हैदराबादहून आणवल्या होत्या. 1986 साली आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र झाले. मराठी कार्यक्रम लागला की वडील सर्वांना गप्प बसवीत, आणि गोंडी कार्यक्रम सुरू झाला की रेडिओ बंद करीत. त्यात द्वेष नव्हता. ते गाणे आपले नव्हे, एवढीच समजूत होती. अभंग, नाट्यपदे, भावगीते आणि लताबाई, येथे आमच्या मराठी संगीताची कुंपणे संपत.

ही समजूत किती अपुरी होती ते पुढे वाचनात आले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940 नंतर या डोंगरांत राहिले. कुमराम भीम यांचा उठाव निजामाच्या पोलिसांनी नुकताच गोळ्यांनी मोडला होता. हैमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने 1943 साली मारलावाई येथे गोंड शिक्षकांना शिकवण्याचे केंद्र निघाले. गोंडी मुलांसाठी गोंडीतच वाचनपुस्तके तयार झाली आणि ती छापली गेली देवनागरीत. याच मारलावाईचे कनकराजू यांनी दिवाळीतले गुसाडी नृत्य देशभर नेले. मोरपिसांचा भव्य टोप घालून नाचणारे ते पथक दिल्लीच्या राजपथापर्यंत पोहोचले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 साली ते वारले. असो. हैमेनडॉर्फ यांनी नोंदलेली एक गोष्ट मात्र प्रत्येक मराठी घराने ऐकावी अशी आहे. गोंडांचे वंशपरंपरागत गायक जे परधान, त्यांची घरची भाषा मराठी. गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या आणि वीरांच्या कथा ते गोंडीत गातात, पण चुलीपाशी बोलतात मराठी. म्हणजे ज्या मराठीचा आम्ही अभिमान वाहतो, त्याच मराठीच्या एका घरात गोंडी महाकाव्य पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले, आणि त्या घराची आम्हांला गणतीही नव्हती.

आता कबुली देतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी शाळेत सहशिक्षक असताना स्नेहसंमेलनाची यादी आमच्याकडे होती. नववीतला एक परधान मुलगा कापडी पिशवीतून काहीतरी घेऊन आला. पिशवीत किकरी होती, कातड्याने मढवलेली, तीन तारांची, गजाने वाजवायची. "आजोबांनी शिकवलं सर, वाजवू का?" पाहुणे तासाभरात परतणार होते. आम्ही म्हटले, "हे संमेलनात शोभणार नाही रे. तुझा गळा चांगला आहे, सिनेमातले एखादे गाणे म्हण." मुलगा आज्ञाधारक. त्याने तेलुगू चित्रपटगीत म्हटले, दुसरे बक्षीस मिळवले आणि पुन्हा ती पिशवी शाळेत आणली नाही. त्याच वर्गात पुढच्या बाकावर बसत होता आमचा डाकारचा अभियंता. त्याच्या कानी किकरी पडावी कशी?

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी इंद्रवेल्लीवरून आम्ही उटनूरकडे निघालो. वाटेत केसलापूर लागले. पौष अमावास्येला येथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची माणसे अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, नव्या सुनांची देवाला ओळख करून देतात. त्या दिवशी देऊळ शांत होते. पुढे विचारीत विचारीत एका गुड्यात पोहोचलो. तो मुलगा आता चौतिशीचा, उटनूरच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. आम्हांला पाहून धावत आला. "सर, तुम्ही? इथं?" जीपमधले तेलुगू गाणे त्याने घाईने बंद केले.

खाटेवर बसून चहा झाला. आम्ही त्या संमेलनाचा विषय काढला. शब्द जुळेनात. तो हसला आणि म्हणाला, "सर, ती बक्षिसाची कंपासपेटी अजून आहे. पोरगी नेते शाळेत." आम्ही खाली पाहिले.

भिंतीवर किकरी टांगलेली होती. त्याचे आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. वडील आहेत. त्यांना म्हटले, "बाबा, थोडे ऐकवाल का?" म्हाताऱ्याने किकरी उतरवली, तारा पिळल्या, आणि म्हणाला, "आमची बोली मराठीच जी. पन हे हातात घेतलं की जीभ गोंडी होते." आवाज थकलेला होता, पण गज लागताच ओसरी भरून गेली. दोन ओळींनंतर मुलाने मागून सूर धरला. सुरुवातीचा भाग त्याला येत होता. पुढे मात्र तो थांबला आणि वडील एकटेच गात राहिले.

"पूर्वी रात्र-रात्र चालायचं," गाणे संपल्यावर म्हातारबाबा म्हणाले. "लग्न असो, मयतीचं असो, यजमान बोलवायचे. धान्य द्यायचे, कपडा द्यायचे, बैलबी द्यायचे. आता लग्नात डीजे असतो. आम्हाला तासभर मिळतो. तासात कथेचं तोंडच होते, पाय राहून जातात." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. यजमान गरीब झाले, जमिनी गेल्या, मुले शहरांत गेली, तेथे बैल कोठून द्यायचा, हेही त्यांनीच सांगितले.

परतताना मुलगा आम्हांला जीपने सोडायला आला. झिम्बाब्वेतील थॉमस मॅफुमो यांची गोष्ट आम्ही त्याला सांगितली. लोखंडी पट्ट्यांच्या 'एंबिरा' या जुन्या वाद्याच्या चाली त्यांनी 1970 नंतरच्या दशकात गिटारवर आणल्या, स्वतःच्या शोना भाषेत गायल्या, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात त्या घरोघर पोहोचल्या. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मग म्हणाला, "सर, गिटारवर येईल. पण आधी पुढचं पाठ व्हायला पाहिजे. बाबांना दम लागतो." एवढेच बोलून त्याने गाडीचा गिअर बदलला.

शाळा उघडल्यावर आम्ही शुक्रवारचा शेवटचा तास मोकळा केला. मुलगा वडिलांना जीपमधून आणतो. पहिल्या शुक्रवारी तिघेच विद्यार्थी बसले, दोन गोंड मुले आणि एक मराठी. हल्ली नऊ-दहा असतात. गाणे शिकणे अजून दूर आहे, कथा कळू लागली आहे. एवढ्याने परंपरा वाचेल असा आमचा भ्रम नाही. सरकारी शाळेचा एक तास तो किती, आणि कथेच्या रात्री किती! बडोदे, इंदूर, तंजावर, जेथे जेथे आपली मराठी घरे आहेत तेथील वाचकांनीही आपल्या गावी हा प्रश्न विचारून पाहावा, एवढीच विनंती. विचारताना आपल्या कुंपणाबाहेरच्या मराठी घरांत आवर्जून जावे.

म्हातारबाबांच्या परवानगीने किकरीचे थोडे ध्वनिमुद्रण करून आम्ही डाकारला पाठवले. आठवड्याने विद्यार्थ्याचा फोन आला. कार्यालयातल्या सेनेगली सहकाऱ्यांना त्याने ते ऐकवले होते. "गुरुजी, त्यांतला एक ग्रिओ घराण्यातला आहे. त्याने पुन्हा पुन्हा ऐकले आणि मला विचारले, हा कोणत्या कुळाचे गातो आहे? मला सांगता येईना. तुम्ही सांगता का?"

आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. त्या दिवशी ओसरीवर बसून आम्ही गाणे ऐकले, दाद दिली, पण कुळ विचारायचे राहून गेले. रविवारी पुन्हा गुड्यावर जात आहोत.